पाटीचा खरा भाव
(अभ्यासपाठ : लहान बोर्ड-दुकानासाठी साधने, साहित्य आणि हिशेब)

शास्त्रपाठ : यिर्मया २२:१३, लूक १४:२८-३०, लेवीय १९:१३, ३५-३६, नीतिसूत्रे २०:१४



पाड्यांवरच्या तरुणांना हाताचा एखादा धंदा यावा म्हणून आपण प्रार्थना करतो आणि देणगीही देतो. शिवण, सुतारकाम, वायरिंग यांविषयी आपण बोलत असतो. या वेळी पाट्या आणि बोर्ड तयार करण्याच्या धंद्याचा अभ्यास करू. हा पाठ दोघांसाठी आहे. जो तरुण असे दुकान चालवतो किंवा चालवू पाहतो त्याच्यासाठी, आणि जो त्याच्याकडून पाटी करून घेतो त्याच्यासाठी. धंदा बुडतो तेव्हा पुष्कळदा चूक दोन्हीकडे असते. आमच्याकडे तसेच झाले, म्हणून आधी ते सांगतो.

जव्हार-मोखाडा भागातल्या दोन मुलांनी मिळून बोर्डाचे लहानसे दुकान टाकले. दोघांचाही हात चांगला, अक्षर सुबक. आमच्या मंडळीला प्रार्थनागृहाच्या दारावर नवी पाटी हवी होती, आठ फूट लांब आणि तीन फूट उंच. पंच बैठकीला बसले, त्यांत मीही होतो. मुलांनी भाव विचारल्यावर चौरस फुटाला शंभर रुपये सांगितले, कारण बाजारात कोणीतरी तेवढे घेतो असे त्यांनी ऐकले होते. चोवीस चौरस फुटांचे चोवीसशे झाले. त्यावरही आम्ही म्हणालो, "आपलीच मुलं आहात, देवाचं काम आहे, जरा सांभाळून घ्या." मुलांनी कमी केले नाहीत, पण वाढवूनही मागितले नाहीत. पाटी उत्तम झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्यासाठी प्रार्थना केली.

दिवाळीनंतर त्यांतला एक जण उचल घेऊन वीटभट्टीवर निघून गेला. दुसऱ्याने पुष्कळ आग्रह केल्यावर सांगितले की आमच्या पाटीत त्यांच्या खिशातले साडेपाचशे रुपये गेले होते आणि दोघांची मजुरी शून्य होती. तशी आणखी चार कामे झाली. पाचव्या कामाला पत्रा आणायलाही पैसे उरले नाहीत.

जो शेजाऱ्याकडून काम करून घेतो आणि त्याची मजुरी देत नाही, त्याच्याविषयी यिर्मया संदेष्ट्याने फार कडक शब्द लिहिले आहेत. ते शब्द राजवाडा बांधणाऱ्या राजाला उद्देशून आहेत असे समजून मी अनेक वर्षे वाचत आलो. आता ते मला आमच्या प्रार्थनागृहाच्या पाटीखाली उभे राहून वाचावे लागतात.

१. पाटी वाचता आली पाहिजे

हबक्कूकला देवाने सांगितले की दर्शन पाट्यांवर असे स्पष्ट लिही की धावणाऱ्यालाही वाचता यावे (हबक्कूक २:२). बोर्ड लिहिणाऱ्यासाठी याहून चांगला नियम नाही. वधस्तंभावरची पाटीसुद्धा इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती, आणि पुष्कळांनी ती वाचली असे योहान सांगतो (योहान १९:२०). पाटी लिहिणाऱ्याने प्रथम विचारायचे ते हे, की वाचणारा कोण, तो कुठून वाचणार आणि किती वेगाने जात असणार.

साधा ठोकताळा असा की वाचणारा दहा फुटांवर असेल तर अक्षराचा अंगभाग एक इंच हवा. साठ फुटांवरच्या रस्त्यावरून वाचायचे असेल तर सहा इंच. यापेक्षा लहान अक्षरही वाचता येते, पण थांबून वाचावे लागते.

देवनागरीत एक गोष्ट विसरू नये. शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंतचा भाग म्हणजे अक्षराचे अंग. वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांना त्याच्या वर जागा लागते, उकाराला खाली लागते. इंग्रजी अक्षरे मोजायची सवय झालेला माणूस ही जागा सोडत नाही आणि मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. अंगाच्या निम्मी जागा वर आणि निम्मी खाली धरावी. आमच्या तीन फुटी, म्हणजे छत्तीस इंची पाटीची विभागणी मुलांनी अशी केली होती :

वरचा समास ६ इंच.
पहिली ओळ, मंडळीचे नाव : अंग ६, वर ३, खाली ३, एकूण १२ इंच.
दुसरी ओळ, गाव व तालुका : अंग ३, वर दीड, खाली दीड, एकूण ६ इंच.
तिसरी ओळ, उपासनेची वेळ : तशीच ६ इंच.
खालचा समास ६ इंच.

बेरीज छत्तीस. पाटी भरगच्च न करता कडेला मोकळी जागा सोडली की अक्षर उठून दिसते. रंगांतही उजेड-अंधाराचा फरक हवा. पिवळ्यावर काळा, निळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर गडद निळा हे लांबून वाचता येतात. हिरव्यावर लाल लिहिले तर जवळूनही डोळे ताणावे लागतात. लाल रंग उन्हात लवकर फिका पडतो, म्हणून उन्हातल्या पाटीवरचा महत्त्वाचा मजकूर लाल रंगात लिहू नये.

आता शुद्धलेखन. आपल्याकडे "आशीर्वाद" हा शब्द किती पाट्यांवर "आर्शिवाद" झालेला आहे ते एकदा मोजून पाहा. घरी वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीच्या ऱ्हस्व-दीर्घाची शंका येणे स्वाभाविक आहे, शहरातल्या पेंटरलाही ती येते. उपाय सोपा आहे. मजकूर आधी कागदावर लिहावा, कोशात किंवा शाळेतल्या गुरुजींकडे तपासावा आणि ग्राहकाला वाचायला देऊन त्यावर त्याची सही घ्यावी. सही झाल्याशिवाय ब्रश उचलू नये. नंतर ग्राहकाने मजकूर बदलला तर त्याचे पैसे वेगळे, आणि चूक आपली असेल तर पाटी फुकट दुरुस्त करून द्यायची.

२. कोणती साधने आधी घ्यावीत

नवे दुकान उभे करताना मदत करणाऱ्याच्या मनात पहिली वस्तू येते ती मोठी यंत्रसामग्री. एका सज्जनाने आम्हाला फ्लेक्स छापण्याचे मशीन देऊ केले होते. हेतू चांगला होता. पण त्या मशीनला खंड न पडणारी वीज लागते, शाई आणि कापडाचे रोल आगाऊ भरावे लागतात, वापर थांबला तर शाईची तोंडे बुजतात, आणि रोज पुरेसे काम मिळाले तरच ते परवडते. जवळच्या मोठ्या गावात अशी मशीने आधीच असतात. तिथून छापून आणणे पहिल्या काही वर्षांसाठी शहाणपणाचे.

हाताने बोर्ड लिहिणाऱ्याला सुरुवातीला एवढे पुरते :

मोजण्यासाठी टेप, लांब सरळ पट्टी, गुण्या, पाणसळ आणि ओळंबा.

आखण्यासाठी खडूची भुकटी लावलेली दोरी. ती दोन टोकांना ताणून सोडली की सरळ रेघ उमटते. तेच चित्र किंवा बोधचिन्ह पुन्हा पुन्हा काढायचे असेल तर जाड कागदावर काढून रेघांवर सुईने भोके पाडावीत आणि कागद पाटीवर धरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी फिरवावी. ठिपक्यांची आकृती खाली उतरते.

लिहिण्यासाठी चपटे आणि गोल ब्रश, वेगवेगळ्या नंबरांचे. शिवाय टोकाला कापडाचा बोळा बांधलेली हात टेकायची काठी, कारण तिच्यावर मनगट टेकले की रेघ थरथरत नाही. काम झाल्यावर ब्रश टर्पेंटाइनने धुऊन, थोडे तेल लावून, केस सरळ करून आडवा ठेवावा. चांगला ब्रश अनेक महिने टिकतो, न धुतलेला एका रात्रीत वाया जातो.

बसवण्यासाठी ड्रिल मशीन, रिव्हेट गन, पाने-पक्कड आणि मजबूत शिडी. वेल्डिंगचे काम सुरुवातीला गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावे.

पुढे काम वाढले की संगणक आणि दोन फुटी विनाइल कापण्याचा प्लॉटर घेता येतो. तो लहान जागेत मावतो आणि एक माणूस चालवू शकतो.

सुरक्षेविषयी दोन गोष्टी. शिडीवर एकट्याने चढू नये, खाली धरणारा हवाच. विजेच्या तारांजवळ लोखंडी फ्रेम उभी करायची असेल तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद झाल्याखेरीज हात लावू नये. हातात ओली फ्रेम आणि वर तार, अशा ठिकाणी घाई करण्याएवढे मोठे काम कोणतेच नसते.

३. साहित्य : ग्राहकाला काय सुचवावे

जस्ताचा पत्रा व ऑइलपेंट. आपल्या पावसाळी भागात ही पाटी चांगली टिकते, पण तयारी नीट झाली तर. नव्या जस्ताच्या पत्र्यावर थेट ऑइलपेंट लावला तर रंगातले तेल आणि जस्त यांची रासायनिक क्रिया होऊन काही महिन्यांत रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून पत्रा आधी धुण्याच्या पावडरीने धुवावा, व्हिनेगरचा बोळा फिरवावा, पुन्हा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा आणि जस्तासाठीच असलेला प्राइमर लावावा. लाल ऑक्साइड प्राइमर लोखंडी फ्रेमसाठी ठेवावा. रंगाचा एक हात रात्रभर वाळू द्यावा, पावसाळ्यात त्याहून जास्त. घाईने दिलेला दुसरा हात पहिल्यालाही खराब करतो.

रंग घेताना डब्यावर शिशाविषयीची सूचना पाहावी. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम आपल्या देशात २०१७ पासून लागू आहे. शाळा आणि अंगणवाडीच्या भिंतींवर लिहिताना हे विशेष महत्त्वाचे, कारण मुले भिंतीला हात लावतात आणि तोच हात तोंडात घालतात.

फ्लेक्स. स्वस्त आणि झटपट. सभा, शिबिर, लग्न यांसाठी ठीक. कायमच्या पाटीसाठी नाही, कारण ऊन-वाऱ्यात वर्ष-दोन वर्षांत रंग उडतो आणि कापड फाटते. जुने फ्लेक्स झोपडीवर पावसाळी आच्छादन म्हणून लोक वापरतात, तो उपयोग चांगला आहे. पण चुलीत घालू नये. ते पीव्हीसी असते आणि त्याचा धूर विषारी असतो, हे गावात सांगायलाच हवे.

विनाइल. काच, गाडी, सनबोर्ड किंवा गुळगुळीत पत्र्यावर चिकटवायची अक्षरे. पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने स्वच्छ करून, हलके ओले ठेवून अक्षर बसवले आणि प्लास्टिकच्या पट्टीने पाणी बाहेर काढले की फुगे राहत नाहीत. खडबडीत भिंतीवर विनाइल टिकत नाही.

सनबोर्ड आणि एसीपी. सनबोर्ड हलका, खोलीतल्या पाट्यांना योग्य. एसीपी म्हणजे दोन पातळ अॅल्युमिनियमच्या थरांमध्ये प्लास्टिक असलेला पत्रा, दुकानांच्या दर्शनी बोर्डांना वापरतात. तो साधारण आठ फूट बाय चार फुटांच्या पूर्ण शीटमध्ये मिळतो. आठ बाय तीनचा बोर्ड केला तरी एक फुटाची पट्टी उरते. तिचा खर्च कोणी द्यायचा हे आधीच ठरले पाहिजे. उरलेल्या पट्टीतून खोल्यांच्या लहान पाट्या होतात.

भिंत. भिंतीवर लिहिण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्यावी. परवानगीशिवाय मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे, आणि काम देणारा निघून जातो, ब्रश हातात असलेला सापडतो.

काम कुठे मिळेल? दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या लहान दुकानांनाही नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत लावावा लागतो. मराठी मजकूर आधी यावा आणि त्याची अक्षरे दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत. सुबक देवनागरी लिहिणाऱ्याला हे काम हक्काचे आहे. शाळा, ग्रामपंचायत, आरोग्य उपकेंद्र यांनाही पाट्या लागतात. मात्र गाड्यांच्या नंबरप्लेटचे काम घेऊ नये. नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून उच्च सुरक्षा प्लेट लागते आणि ती अधिकृत ठिकाणीच बसते.

४. भाव कसा काढावा

बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, नाहीतर पाया घालून थांबतो आणि लोक हसतात, असे प्रभूने सांगितले (लूक १४:२८-३०). आमच्या मुलांनी ही पायरी गाळली होती. त्यांनी दुसऱ्याचा भाव ऐकून सांगितला. दुसरा कदाचित भिंतीवर लिहीत असेल, कदाचित फक्त फ्लेक्स ताणून देत असेल. त्याच्या भावात पत्रा आणि फ्रेम होती का, हे कोणी विचारले नाही.

पहिली पायरी : तासाचा दर. दोघांना प्रत्येकी महिन्याला पंधरा हजार रुपये घरी न्यायचे आहेत असे धरू, म्हणजे तीस हजार. दुकानाचा खर्च : भाडे ३,०००, वीज १,०००, फोन व इंटरनेट ५००, प्रवास १,५००, हत्यारांची झीज १,०००. एकूण ७,०००. दोन्ही मिळून ३७,००० रुपये.

आता तास. पंचवीस दिवस, रोज आठ तास म्हणजे एका माणसाचे दोनशे तास. पण यातला निम्मा वेळ ग्राहकाशी बोलण्यात, बाजारात, रंग वाळण्याची आणि पाऊस थांबण्याची वाट पाहण्यात जातो. ज्याचे पैसे लावता येतात ते तास शंभरच. दोघांचे दोनशे. ३७,००० भागिले २०० म्हणजे तासाला १८५ रुपये. नवा माणूस नेमका इथे चुकतो. तो सगळे तास मोजतो, दर निम्मा काढतो आणि महिन्याच्या शेवटी हात रिकामे का म्हणून बुचकळ्यात पडतो.

दुसरी पायरी : त्या कामाचा खर्च. आमच्याच पाटीचा हिशेब मुलांबरोबर बसून पुन्हा मांडला. भाव त्या वेळचे आहेत, तुमच्या बाजारातले घालून पाहा.

पत्रा ९००
फ्रेमची चौकोनी पाइप, २८ फूट, ७००
प्राइमर व रंग ४५०
टर्पेंटाइन, पॉलिश पेपर इत्यादी १००
रिव्हेट, स्क्रू १००
साहित्य एकूण २,२५०
वाया जाणारे, दहा टक्के, २२५
वेल्डिंग ४००
टेम्पो ३००
एकूण खर्च ३,१७५

तिसरी पायरी : मजुरी. माप व बोलणी १ तास, पत्र्याची तयारी २, आखणी २, लेखन ५, बसवण्यासाठी दोन माणसे दोन तास म्हणजे ४. एकूण १४ तास. १४ गुणिले १८५ म्हणजे २,५९० रुपये.

चौथी पायरी : नफा. खर्च आणि मजुरी मिळून ५,७६५. त्यावर पंधरा टक्के म्हणजे सुमारे ८६५. पाटीचा भाव ६,६३० रुपये.

नफा शब्दाने काही विश्वासणारे संकोचतात. पण हा पैसा चैनीचा नाही. बुडालेली उधारी, नवे ड्रिल, आणि जून ते सप्टेंबर बाहेरचे काम थांबते ते दिवस यातूनच निघतात. मजुरीवर फक्त आज भागते. पावसाळ्याची तजवीज नसेल तर दिवाळीनंतर मुकादम उचल घेऊन दारात उभा असतोच.

आम्ही दिले चोवीसशे. साहित्य, वेल्डिंग आणि टेम्पो यांचेच २,९५० झाले होते. ते साडेपाचशे इथे दिसतात.

आता चौरस फुटाविषयी. ६,६३० ला २४ ने भागले तर सुमारे २७६ रुपये येतात. मग सगळीकडे हाच दर लावावा का? दोन फूट बाय एक फुटाची पाटी घेतली तर ५५२ रुपये होतील. पण तिलाही माप, तयारी, आखणी, लेखन आणि बसवणे मिळून साडेपाच तास लागतात, म्हणजे मजुरीच हजाराच्या वर. उलट वीस बाय आठच्या भिंतीला हाच दर लावला तर ४४,१६० रुपये होतात, आणि तिथे ना पत्रा ना फ्रेम. लहान कामात दुकान बुडेल आणि मोठे काम ग्राहक देणार नाही. म्हणून चौरस फुटाचा दर फक्त फ्लेक्स छपाईसारख्या एकसारख्या कामाला लावावा. बाकीच्या कामाचा हिशेब चार पायऱ्यांनी करावा आणि लहान कामासाठी एक किमान रक्कम ठरवून दुकानात लावून ठेवावी.

डहाणू-जव्हारकडच्या हॉटेल आणि रिसॉर्टचे मालक बोर्ड करून घेताना शेवटी म्हणतात, "कडेला जरा वारली चित्रं काढ." जणू ती समासाची रेघ आहे. त्या चित्रांचे तास वेगळे मोजावेत आणि पैसे वेगळे सांगावेत. ती कला त्या मुलाच्या समाजाची ओळख आहे. तिची किंमत त्यानेच शून्य धरली तर दुसरा कशाला देईल?

५. व्यवहाराचे नियम

भाव तोंडी सांगू नये. "घरी हिशेब करून उद्या सांगतो" असे म्हणायला लाजू नये. लेखी दरपत्रकात आकार, साहित्य, मजकूर, बसवण्याची जागा आणि तारीख लिहावी. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, म्हणजे साहित्य ग्राहकाच्या पैशात येते. उरलेली पाटी बसवल्यावर लगेच. सरकारी कार्यालयाचे पैसे उशिरा मिळू शकतात, म्हणून सगळे भांडवल एकाच अशा कामात गुंतवू नये.

प्रत्येक कामाचे वहीत एक पान ठेवावे : अंदाज किती, प्रत्यक्ष किती. दहा पाने झाली की आपला अंदाज कुठे चुकतो ते कळते. लेखनाला पाच तास धरले आणि दर वेळी सात लागत असतील तर पुढच्या दरपत्रकात सात लिहावे.

खरेपणा दुसऱ्या बाजूनेही पाळावा. लांबीची मापे आणि वजने खरी ठेवा अशी आज्ञा आहे (लेवीय १९:३५-३६). जाड पत्रा सांगून पातळ वापरणे, प्राइमर न लावता त्याचे पैसे घेणे, आठ फुटांचे सांगून पावणेआठ करणे हे खोटे मापच होय. ज्याने पूर्ण भाव मागितला त्याने पूर्ण काम द्यायला हवे. काही वर्षांनी रंग सुटलेला दिसतो आणि पाटीखाली दुकानाचे नाव लिहिलेले असते.

६. मंडळीने काय करावे

नीतिसूत्रांत एक गिऱ्हाईक आहे. विकत घेताना ते माल वाईट आहे म्हणते आणि घरी जाताना फुशारकी मारते (नीतिसूत्रे २०:१४). आमच्या बैठकीत आम्ही मालाला वाईट म्हटले नाही, देवाचे नाव घेऊन भाव दाबून धरला. माझ्या मते ते अधिक वाईट होते, कारण त्या मुलांना देवाच्या नावापुढे बोलता येईना.

सेवा म्हणून काम करणे सुंदर आहे, पण ते करणाऱ्याने स्वतः ठरवायचे असते. पौलाने करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू केले (प्रेषितांची कृत्ये १८:१-३). ते तंबू विकले जात होते म्हणूनच त्यांचे पोट भरत होते. ज्याला पाटी दान द्यायची असेल त्याने पूर्ण भावाचे बिल करावे आणि खाली "मंडळीस अर्पण" असे लिहावे. मग दान कोणी किती दिले ते सर्वांना दिसते. बिलच नसेल तर ते दान कोणाच्याच हिशेबात येत नाही.

आमच्या पंचांनी वरचा हिशेब वाचला आणि उरलेले ४,२३० रुपये त्या दोघांना दिले. खतावणीत ते "मदत" या खात्यात लिहायचे की "पाटीची मजुरी" या, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी मजुरी असेच लिहिले. मोलकऱ्याची मजुरी रात्रभरसुद्धा ठेवून घेऊ नये अशी आज्ञा आहे (लेवीय १९:१३). आम्ही ती पाच महिने ठेवली होती.

भट्टीवर गेलेला मुलगा उचल फिटेपर्यंत येऊ शकला नाही. पहिल्या पावसात भट्ट्या बंद झाल्या तेव्हा आला. आता दुकानाच्या भिंतीवर त्यानेच मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : "भाव उद्या सांगितला जाईल." गिऱ्हाइके हसतात, आणि दुसऱ्या दिवशी येतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या वर्षी आपल्या मंडळीने कोणाकोणाकडून काम करून घेतले? त्यांची मजुरी त्याच दिवशी दिली का?
२. आपण एखाद्या विश्वासणाऱ्या कारागिराशी भाव करताना देवाचे नाव घेतले आहे का? का घेतले?
३. आपल्या भागातल्या बोर्ड-दुकानाला यंत्राची देणगी जास्त उपयोगी पडेल की वर्षभराची ठरलेली कामे? त्या मुलांनाच विचारून पाहा.
४. तरुणांसाठी : आपला तासाचा दर काढा. पैसे लावता येणारे तास किती, हे प्रामाणिकपणे लिहा.

प्रार्थनेचे विषय

पाड्यांवर हाताचा धंदा करणाऱ्या तरुणांसाठी. उचल घेऊन भट्टीवर गेलेल्या कुटुंबांसाठी आणि त्यांच्या मुलांच्या शाळेसाठी. शिडीवर, छपरावर आणि रस्त्याच्या कडेला काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी. आणि आपल्यासाठी, की आपला हात दानपेटीजवळ जसा मोकळा असतो तसाच बिल चुकते करतानाही असावा.